खडवलीच्या पाहुण्या

सोमवार, १३ जानेवारी

गुळाची पोळी, एक नग. गूळ, तीळ, बेसन, खसखस, तूप मिळून तेरा रुपये. कणीक दोन. गॅस, वीज, पिशवी तीन. लाटून-भाजून द्यायचे सहा. दुकानाचं भाडं वाटून टाकलं तर पोळीमागे चार. झाले अठ्ठावीस. विकतो पस्तीसला — तरी गिऱ्हाईक विचारतं, "एवढी महाग का हो?" सण आहे बाबांनो, तूप मी घरी कढवत नाही!

आज त्यात आणखी एक खर्च लागला, तो कुठे धरायचा ते कळलं नाही. सकाळी ऐन गर्दीत ऐश्वर्याला तव्यासमोर चक्कर आली. पडता पडता हात तव्याला टेकला. मनगटावर चार बोटांचा चट्टा. मालनने तिला खाली बसवलं, हाताला पाणी, मग मलमपट्टी. पंधरा मिनिटांत पोरगी परत लाटणं घेऊन उभी. "काकू, ऑर्डर राहील ना."

ऐश्वर्या आंबिवलीहून डोंबिवलीला येते. चार वर्षं झाली. सात ते बारा, अर्धा दिवस, साध्या पोळीमागे सव्वा रुपया. हात असा, की पोळीचा पदर न् पदर सुटतो. दिवसाचे साडेतीनशेच्या आसपास होतात तिचे.

रात्री जेवताना मालन म्हणाली, "सहावा लागलाय तिला."

"मला काय सांगतेस! मला कधीचं माहीत आहे."

खरंच होतं माहीत. फोडणी पडली की ती मागच्या मोरीत जायची आणि नळ पूर्ण सोडायची. रिकाम्या मोरीत नळ कोण सोडतं? एक्झॉस्ट पंख्याच्या घरघरीतही मला ऐकू येतो तो. बायकांना वाटतं गल्ल्यावर बसलेला माणूस फक्त नोटा मोजतो.

उद्याच्या चारशे पोळ्या बाकी. मालन म्हणत होती, "दिवाळीसारख्या खडवलीच्या बोलवू का?" तिच्या माहेरच्या त्या — दोन भावजया आणि शेजारच्या तिघी. दिवाळीची चकली, कडबोळी, अनारसे त्यांच्याच हातचे. म्हटलं, दोन दिवसांसाठी पाहुण्या कशाला? आपल्या आपण निभावू.

गुरुवार, १६ जानेवारी

गल्ला पुढे, लाटायचे ओटे मागे, मधे प्लायवूडचं पार्टिशन. आज अकराच्या चहाला त्यापलीकडे लाटणाऱ्या बायकांची बैठक भरलेली.

प्राची सांगत होती, "माझ्या जावेला सहा महिने घरी बसून पगार! हॉस्पिटलात आहे ना ती."

कुंदाताई : "पर्मनंट असेल ती बाई."

"हो मग. आपलं काय, लाटणं खाली ठेवलं की मीटर बंद."

"चालू असतं तेव्हा तरी कुठे धावतंय?" — हशा.

मग प्राचीच म्हणाली, "ऐश्वर्या, तू विचार की काकांना."

"मी? हाफ टाइम माणूस मी. हसतील ते."

मी हसलो नसतो. पण ती आत, मी बाहेर, आणि मला ऐकू आलेलंच नव्हतं म्हणा!

शनिवार, १८ जानेवारी

अजून विचारलं नाही तिने. धंद्यातला माझा नियम — भाव विचारल्याशिवाय सांगायचा नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

मालनने विषय काढला. "ऐश्वर्याला काय द्यायचं ठरवलंय?"

म्हटलं, "साडी देऊ. बाळाला दुपटी, कुंची. आणि डबा भरून डिंकाचे लाडू."

"अहो, डिंकाचे लाडू आपल्याकडे तीच वळते."

लाडू रद्द.

मालनचं असंच. पाटीवर तिचं नाव — 'मालन पोळी-भाजी केंद्र' — ते मी प्रेमाने टाकलं की भीतीने, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. एवढं मात्र खरं, की ती विचारते तेव्हा तिला उत्तर आधीच ठाऊक असतं, आणि आपलं कसं चुकतं ते बघायचं असतं.

झोपताना म्हणाली, "त्या सौमित्रला विचारा एकदा. कायद्याने काय लागतं ते तरी कळू दे."

गुरुवार, २३ जानेवारी

माजिवड्याला जाऊन आलो. सौमित्र आमचं टॅक्सचं बघतो. वय तिशीच्या आत, ऑफिसात एसी असा, की कणीक भिजवून ठेवली तर आठवडाभर टिकेल. त्याचे वडील माझे जुने गिऱ्हाईक, म्हणून मला काका म्हणतो. फी मात्र पूर्ण घेतो. बरोबरच आहे.

"काका, मॅटर्निटी? तुम्हाला?" — हसून घेतलं त्याने. घेऊ दिलं.

मग कॉम्प्युटरवर काढून वाचायला लागला. मी एकेक अडचण टाकत गेलो आणि तो एकेक काढून टाकत गेला.

"अर्धाच दिवस येते रे ती."

"तास बघत नाहीत, दिवस बघतात. बाळंतपणाच्या तारखेआधीच्या वर्षात ऐंशी दिवस काम झालं असलं की बास."

तिचे तर ऐंशी दिवस दसऱ्यापासूनच भरले असतील.

"पगार नाही तिला. नगावर घेते."

"नगावर तर नगावर. शेवटच्या तीन महिन्यांत दिवसाला सरासरी किती पडले ते काढायचं. तेवढे रोज, सव्वीस आठवडे. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात."

"रविवार धरून?"

"रविवार धरून."

"आणि देतं कोण? सरकार?"

"तुम्ही ईएसआयमध्ये, सरकारी कामगार विम्यात, नाही काका. म्हणजे तुम्ही."

मनात गुणाकार केला. त्रेसष्ट हजार सातशे. चहा आला होता, तो एका घोटात संपवला. जीभ पोळली.

मग त्याने मान वर केली. "माणसं किती तुमच्याकडे?"

"नऊ. सहा बायका, डबे पोचवणारे दोघं, भाजी चिरायला एक. मी आणि मालन मालक."

"मालक धरत नाहीत. अहो काका, मग मला कशाला कामाला लावलं! दुकानाला हा कायदा दहापासून लागतो."

नीट वाचून दाखव म्हटलं. दाखवलं. आजचा आकडा बघत नाहीत नुसता. गेल्या बारा महिन्यांत एका दिवशी जरी दहा माणसं कामावर असली तरी लागू.

"झालेत कधी दहा?"

"एक दिवससुद्धा नाही!"

जोरात बोललो असणार. बाहेरची मुलगी डोकावली.

खाली उतरून नाक्यावर मिसळ खाल्ली. जीभ पोळलेली, तरी गोड लागली.

शुक्रवार, २४ जानेवारी

दहावं माणूस ठेवलं नाही — अठरा वर्षांत एकदाही नाही! हे मी कोणाला सांगत नाही, इथे लिहितो. शेजारच्या चायनीजवाल्याने पंधरा पोरं ठेवली, मग इन्स्पेक्टर, मग कोर्ट, मग शटर. मी सतराव्या वर्षी माणमधून आलो तेव्हा अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नव्हतं. सायकलवर डबे टाकले. तेव्हाच शिकलो, नियम तोडायचा नाही, नियमाच्या अलीकडे थांबायचं. गर्दी वाढली, मी दुसरा तवा घेतला. तवा मोजत नाहीत.

शनिवार, २५ जानेवारी

पण मन काही बरोबर वागेना. काल ती पोळ्या मोजून देत होती, मनगटाला पट्टी तशीच, पिठाने पांढरी झालेली.

मालनला सांगितलं, "कायद्याने एक पैसा लागत नाही. तरी मी तिला तीन महिने घरबसल्या देणार. महिना नऊ हजार. मनाने."

मला वाटलं, बाई विरघळेल. ती शेंगदाण्यांची सालं पाखडत होती, ती पाखडतच राहिली. म्हणाली, "तीन महिन्यांत मूल मान धरतं. तेवढंच."

"अगं, कोण देतं एवढं तरी?"

"नाही, चांगलंच आहे." — सालं फुर्रकन उडवली.

मंगळवार, २८ जानेवारी

ऐश्वर्याला सांगितलं. बाराला ती निघायच्या आधी, मालनसमोर. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. वाकून नमस्कार करायला निघाली, मालनने अडवलं — "पोटुशी आहेस, वाकू नको."

मग डोळे पुसले आणि विचारलं, "काका, तीन महिने कधीपासून धरायचे?"

"तू बसशील त्या दिवसापासून."

"मग मी शेवटपर्यंत येते. तारीख एप्रिलअखेर आहे. तोवर येते."

हुशार आहे. आधी बसली तर बाळंतपणानंतरचे दिवस कमी होणार. मी असतो तर मीही हाच हिशेब केला असता.

सोमवार, ३ फेब्रुवारी

ऐश्वर्याची सासू आली होती, हौसाबाई. मूळच्या आमच्याच बाजूच्या, फलटणकडच्या. एका सोसायटीचे जिने झाडतात, पुसतात. आंबिवलीहून पिशवीभर वालाच्या शेंगा घेऊन आल्या.

"शेट, लई मोठं काम केलं तुमी. नाहीतर कोण कुणाचं हाय?"

"अहो, आपली पोर समजून—"

"ते खरंच. पन पोरगी म्हनली, कायद्यात नसताना देत्यात. म्हनलं, जाऊन पाया पडून यावं."

पाया पडू दिलं नाही. वालाच्या शेंगा मात्र ठेवून घेतल्या.

मग त्या आत सुनेकडे गेल्या. त्या कशा बोलतात — हळू बोलतात असं त्यांना वाटतं!

"तीन महिनं तर तीन महिनं. मग तू ये हिकडं. पोर मी बघते. माझं काम सोडते."

"आई, तुमचं सोडलं तर भाडं कुठनं द्यायचं? मे महिन्यात ह्यांची व्हॅन उभी असते."

नवरा तिचा, बंटी, शाळेची व्हॅन चालवतो. शाळा बंद तर व्हॅन बंद.

"मग पोराला घेऊन ये. मागं मोरीपाशी झोळी बांध."

"तव्याच्या धगीत? तीन महिन्यांचं?"

"मग काय करती बाई तू? सांग की."

लाटणं पुन्हा सुरू झालं.

शेंगांची भाजी छान झाली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बातमी फुटली. फोडली कोणी ते मी शोधत नाही, कारण सुधीरराव आले तेव्हा गल्ल्यावर मीच होतो.

सुधीरराव म्हणजे विमा कंपनीतून निवृत्त, आता आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे कार्यवाह. रोज चार पोळ्या, मऊ. बायकोचा, मंदाकिनीबाईंचा, गुडघा बदलल्यापासून आमचं गिऱ्हाईक.

मी सहज म्हणालो, "आमच्या एका मुलीला तीन महिने भरपगारी रजा देतोय." एवढंच.

त्यांनी पोळ्यांची पिशवी परत टेबलावर ठेवली. "महिपतराव! कायद्याने बंधन नसताना?"

"नसताना."

"अर्धवेळ कामगाराला?"

"हो तर."

"अहो, आमच्या कंपनीत पूर्णवेळ बायकांना अर्ज करकरून मिळायचं हो हे. आपण फार मोठं पाऊल उचललं आहे. फार मोठं." आणि पिशवी विसरून गेले. मला मागून पोरगा पाठवावा लागला.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आठ मार्चला महिला दिन. मंडळ माझा सत्कार करणार!

मालन : "महिला दिनाला तुमचा?"

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. पोळ्या नाहीत, साबुदाणा खिचडी आणि रताळ्याचा कीस. खिचडी ढवळायला उभं राहावंच लागतं. ऐश्वर्याने पायात नवऱ्याच्या चपला घातल्यात. तिच्या तिला होत नाहीत.

बुधवार, ५ मार्च

डॉक्टरणीने सांगितलंय, उभं राहायचं नाही, शक्य तर घरीच राहायचं, रक्तदाब वर जातोय. हे तिने मला सांगितलं नाही. प्राचीला सांगितलं, प्लायवूडने मला.

मी उंच स्टूल आणून दिलं. तव्यापासून काढून वजनकाट्यावर बसवलं. चटण्या भरायच्या, भाजीचे डबे मोजायचे. नगावर काम नाही म्हणून रोज तीनशे ठरवले. गोड हसली. "थँक्यू काका."

तरी तास-दोन तासांनी उठतेच. सवय. कोणाची पोळी फुगली नाही की हिचा हात पुढे.

मालन एवढंच म्हणाली, "घरी बसली पाहिजे ती."

"मग बसू दे. मी कुठे अडवलंय?"

"तीन महिन्यांनी अडवलंय."

शनिवार, ८ मार्च

सत्कार झाला. सभागृह भरलेलं. शाल, श्रीफळ, एक झाडाचं रोप. सुधीररावांनी प्रास्ताविक केलं — "कायद्याने एक पैसा लागत नसताना ज्या माणसाने..." — आणि टाळ्या. मंदाकिनीबाई काठी घेऊन खास आलेल्या. ऐश्वर्याला त्यांनी पहिल्या रांगेत बसवलं, ओटी भरली. ती सगळा वेळ खाली बघत होती. पाय खुर्चीखाली ओढून घेतलेले, चपला दिसू नयेत म्हणून.

मला दोन शब्द बोलायला लावले. मी भाषणाचा माणूस नाही, पण सुचलं ते बरं सुचलं. म्हटलं, "कायदा दहावर सुरू होतो. माझ्याकडे नऊच आहेत. पण मंडळी, माणुसकीला आकडा लागत नाही!"

काय टाळ्या! मागच्या रांगेतल्या एकाने वहीत लिहून घेतलं ते वाक्य.

मंडळाने बाहेर फ्लेक्सही लावला होता. माझा फोटो जरा जुना घातला, पण असो. फ्लेक्सचं मला नवल नाही. दिवाळीला मीच फराळाचा लावतो चौकात. बायकांच्या फोटोसकट, दहा बाय चार. मालन तेवढी त्यात येत नाही. "मी काय निवडणुकीला उभी आहे?"

घरी आल्यावर तिने शाल हातात घेऊन बघितली. "मऊ आहे. बाळाला गुंडाळायला होईल."

मंगळवार, ११ मार्च

गिऱ्हाईक वाढलं. तीन नवे डबे लागले. एक बाई खास पत्ता शोधत आल्या, "ते रजा देणारे काका तुम्हीच ना?"

गुरुवार, १३ मार्च

होळी. पुरणपोळ्या सव्वापाचशे. सगळ्यांना उभं राहावं लागलं, स्टूलवालीलाही. मी नको म्हटलं. एकदा म्हटलं. मग गर्दी झाली.

दुपारी मोरीचा नळ सुटला होता. बराच वेळ चालू होता.

सोमवार, १७ मार्च

आज पार्टिशनपलीकडे ऐश्वर्या फोनवर. बंटी असणार.

"नाही रे, बसून करते मी... हो, सूज आहे थोडी... अरे, आत्ता बसले तर जूनमध्येच संपतात ना! मग तुझी शाळा सुरू व्हायच्या आत मला यावं लागेल... ते काय अजून देतील? आधीच एवढं दिलंय. सत्कार झालाय त्यांचा. मी परत कुठल्या तोंडाने मागू?"

मग बराच वेळ नुसतं हं, हं.

मग — "तू गाडी चालव नीट. ठेवते."

मी गल्ला बंद केला, उघडला. एका गिऱ्हाइकाला जास्त पैसे परत गेले, त्याने प्रामाणिकपणे आणून दिले. असं होत नाही माझं.

शुक्रवार, २१ मार्च

मालनला विचारलं, तीनाचे चार करू का? म्हणाली, "तुमच्या मनाचा प्रश्न आहे. मनाने देताय ना?"

चार करायचं ठरवलं. सोमवारी सांगेन.

रविवार, २३ मार्च

दुकान दुपारी बंद. गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. मालन, कुंदाताई आणि मी. ऐश्वर्याला बोलावलं नव्हतं. खाली पसरायला काही मोठं हवं होतं म्हणून माळ्यावरून दिवाळीचा फ्लेक्स काढला, उलटा टाकला, वरती प्लास्टिकचा कागद. ऊन असं की पापड्या चारलाच कडक.

काढून झाल्यावर कागद गुंडाळला. फ्लेक्सची दोन टोकं मालनने धरली, दोन मी. घडी घालायला उलटवला तर सुलटी बाजू वर आली.

आपणच लावलेला फ्लेक्स. चौकात दिवसातून चार वेळा त्याखालून गेलोय. वर दुकानाचं नाव, मधे सगळ्याजणी नव्या साड्यांत, हातात चकलीचे सोरे. ऐश्वर्या डावीकडून दुसरी, तेव्हा बारीक. आणि खाली मोठ्या पिवळ्या अक्षरांत —

'अकरा अन्नपूर्णा, एकच चव!'

ओळ माझीच. छापणारा 'सुगरणी' म्हणत होता, मी 'अन्नपूर्णा' करून घेतलं. 'अकरा'सुद्धा मीच घालायला लावलं. आकडा असला की लोक थांबून वाचतात.

मोजलं. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून. आपल्या सहा. खडवलीच्या पाच. आमच्या घरी राहिल्या, आमच्या पंक्तीला जेवल्या. वहिनी, ताई म्हणतो मी त्यांना. सकाळी सहापासून दुकानात, किलोमागे पैसे, शेवटच्या दिवशी साडी. शिवाय दोघं डबेवाले. आणि भाजी चिरणारा.

सौमित्र वाचत होता ते आठवलं. एका दिवशी जरी. आणि मी म्हणालो होतो, एक दिवससुद्धा नाही. खोटं बोललो नव्हतो. माझ्या डोक्यात त्या कामावर नव्हत्याच कधी. माहेरच्या आलेल्या.

मालन म्हणाली, "काय मोजताय?"

"पापड्या."

"त्या डब्यात गेल्या."

तिने तिची टोकं माझ्या हातात दिली आणि खाली गेली. फ्लेक्सची घडी घातली. चेहरे आत.

हे कोणाला दिसणार नाही. सौमित्र डोंबिवलीत येत नाही. मंडळवाल्यांनी तर नऊ हा आकडा माझ्याच तोंडून ऐकलाय आणि टाळ्या वाजवल्यात. ऐश्वर्या त्या फोटोत आहे, पण एका दिवसाचे दहासुद्धा पुरतात हे तिला काय माहीत? मला माहीत होतं, तरी पाहुण्या धरायच्या हे कालपर्यंत डोक्यात नव्हतं.

पलीकडच्या गच्चीत कोणीतरी कुरडया उचलत होतं.

सोमवार, २४ मार्च

सौमित्रला फोन. "खडवलीच्या पाहुण्या मोजायच्या का रे?"

"काका, पाहुण्यांना किलोमागे पैसे देतात का?"

ऐश्वर्या आजपासून घरी. सव्वीस आठवडे, रविवार धरून. हात जोडायला लागली. म्हटलं, राहू दे पोरी. हे कायद्याने लागतं.